दृष्टि गेली म्हणून मान जावा काय?

मनुष्याचे डोळे गेले म्हणजे त्याचें जीवितच व्यर्थ झालें, असें आपल्या गांवांत पुष्कळ लोक समजतात. ही समजूत कितपत खरी आहे, याचा ख्रिस्ती मनुष्यानें विचार करणें अगत्याचें आहे.

दृष्टि जाण्यानें होणारी हानि लहान नाहीं, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. ओळखीची पायवाट परकी होते. सुईंत दोरा ओवतां येत नाहीं. शास्त्राचें पान व नातवाचें मुख दोन्हीं अंतरतात. बाजारांत नोट ओळखण्यासाठीं दुसऱ्यावर विसंबावें लागतें. या दुःखाला हलकें म्हणणें हा निर्दयपणा होय.

परंतु या हानीवर दुसरी एक हानि येते, आणि ती रोगानें नव्हे, तर घरच्या माणसांच्या हातून येते. म्हाताऱ्या आईला दिसेनासें झालें कीं प्रथम तिच्या हातचें काम काढून घेतात. मग तिचा सल्ला विचारीनासे होतात. शेवटीं ती जवळ बसली असतां, जणूं तिचे कानही गेले, असें तिच्याविषयीं बोलतात. "तिला कशाला त्रास?" असें म्हणून हें सर्व चालतें. नांव दयेचें, पण त्या दयेनें तिचें घरांतलें स्थान हिरावून घेतलें.

इसहाकाची दृष्टि वृद्धपणीं मंद झाली. तरी आवाज याकोबाचा आहे, हें त्याच्या कानांनीं बरोबर ओळखिलें. अंधत्वाचें दुःख खरें. परंतु पोटच्या मुलानें त्याचा लाभ घेतला, हें त्याहून मोठें दुःख. अंधाच्या वाटेंत अडखळण ठेवूं नये, अशी आज्ञा आहे (लेवीय १९:१४). अडखळण दगडाचेंच असतें असें नाहीं. कागद वाचून न दाखवितां त्यावर अंगठा घेणें, हेंही तेंच पाप होय.

योहानाच्या ९ व्या अध्यायांत शिष्य एका जन्मांधाविषयीं विचारतात कीं, पाप कोणाचें? प्रभूनें तो दोष त्याच्यावरून व त्याच्या आईबापांवरून काढून टाकिला. मग गतजन्मीचें पाप म्हणून अंधाला हिणविणें ख्रिस्ती घरांत कसें शोभेल? यरीहोजवळ बार्तीमयाला लोकसमुदाय गप्प बसवूं लागला, तेव्हां प्रभु थांबला आणि त्याला काय पाहिजे, हें त्यानें त्यालाच विचारिलें. त्याची गरज सर्वांस दिसत होती. तरीही त्याला विचारिलें. विचारणें हाच मान होय.

असा मान व साधन मिळालें म्हणजे अंध मनुष्य काय करितो, हें लुई ब्रेल यांच्या चरित्रांत दिसतें. १८०९ सालीं फ्रान्स देशांत त्यांचा जन्म झाला. तीन वर्षांचे असतां बापाच्या खोगीर शिवण्याच्या कारखान्यांत आर लागून डोळा गेला. पुढें दुसराही गेला. १८२९ मध्यें त्यांनीं उठावाच्या टिंबांची लिपि प्रसिद्ध केली, आणि आज देशोदेशींचे अंध बोटांनीं वाचितात. आपल्या मुंबईसही मिस मिलार्ड यांनीं अमेरिकन मराठी मिशनच्या वतीनें १९०० सालीं अंध मुलांसाठीं शाळा उघडिली.

आणखी एक गोष्ट. मोतीबिंदूनें गेलेली दृष्टि बहुधा शस्त्रक्रियेनें परत येते, आणि ती शस्त्रक्रिया बहुधा अर्ध्या तासाच्या आंत होते. म्हणून "आतां वय झालें" असें म्हणून आईबापांस अंधारांत ठेवणें ही सहनशीलता नव्हे, हयगय होय. काचबिंदूनें गेलेली दृष्टि मात्र परत येत नाहीं. म्हणून डोळे वेळींच तपासून घ्यावे.

बंधुभगिनींनो, डोळे बरे करणें आपल्या हातीं नसेल. पण मान राखणें आहे. ज्याला दिसत नाहीं त्याला मंडळीच्या कामांत विचारा, प्रार्थना करावयास सांगा, त्याच्या हातांस होईल तें काम त्याच्याकडेच राहूं द्या. देवाची प्रतिमा त्याच्या डोळ्यांत नव्हती. ती त्याच्या ठायीं अद्याप आहे. ती आपणांस दिसत नसेल, तर दृष्टि कोणाची गेली?