चाकावरचं रबर

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत रेल्वे नाही. पुणे-नाशिक मार्गाच्या गप्पा ऐकतच आम्ही मोठे झालो. त्यामुळे नारायणगावच्या आमच्या घरात धावलेली एकमेव गाडी म्हणजे मामानं जर्मनीहून आणलेलं खेळण्यातलं इंजिन. प्रमाण 1:87, रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर. शाळेच्या सहलीत कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहिलं, तेव्हा ‘आमच्याकडे पण आहे’ हे मी इतक्यांदा सांगितलं, की बाईंनी गप्प बसवलं.

गेल्या दिवाळीत माळ्यावरून ते इंजिन काढलं. एकटं असलं की रखडत चालतं. मागे दोन डबे लावले की चाकं जागच्या जागी गरगरतात.

लोखंडावर लोखंड घसरणारच. खरी इंजिनं चढावर रुळांवर वाळू सोडतात. खेळण्यातल्या इंजिनात एकदोन चाकांना खाच पाडून त्यात रबराची बारीक कडी बसवतात. पण रबर बसलेलं चाक रुळावरून वीज घेऊ शकत नाही. पकड हवी तर विजेवर पाणी सोडायचं, म्हणून ते बेतानंच वापरतात. आमच्या कडीचा वाळून भुगा झाला होता.

कंपनीला लिहिलं. या मॉडेलचे सुटे भाग आता मिळत नाहीत, असं उत्तर आलं. मी भडकलो. बोटभर रबरासाठी अख्खं इंजिन भंगारात?

गावातल्या ठिबकच्या दुकानात गेलो. त्यांच्याकडची ओ-रिंग गोल पोटाची. खाचेतून वर आली, इंजिन लंगडत रुळावरून उतरलं. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून पाहिली, तीही निसटली. दुकानदार म्हणाला, “भाऊ, माप आणा. माप असलं की रबर कुठूनही काढता येतं.” खाचेची रुंदी मोजता येत होती. कडी न ताणता केवढी असते, जाडी किती, रबर किती मऊ, हे भुग्यावरून कसं कळणार?

आता माझं सांगतो. गेल्या वर्षी आमच्या टीमनं एका ॲपमधून जुन्या अँड्रॉइडचा आधार काढला. ‘आपल्या फोनवर हे ॲप यापुढे चालणार नाही’ ही ओळ मीच लिहिली. आप्पांचा फोनही त्यात होता. त्यांना नवा घेऊन दिला आणि विषय संपला असं मानलं. बाकीच्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला असेलच, असं नाही.

बनवणाऱ्यानं जन्मभर सुटे भाग पुरवावेत, असं मला वाटत नाही. साचे ठेवायला जागा लागते, जुना कोड सांभाळायला माणसं लागतात. पण देणं थांबवणं वेगळं आणि माप दडवून ठेवणं वेगळं. पहिल्यात नाइलाज असू शकतो. दुसऱ्यात मात्र ज्याच्या हातात वस्तू आहे, त्याचा हातच बांधून टाकलेला असतो. मग ती त्याची म्हणायची तरी कशी? कंपनीनं त्या कडीची तीन मापं कळवली असती, तरी मी तिला एक शब्द बोललो नसतो.

सुट्टी संपवून पुण्याला आल्यावर मी टीममध्ये विचारलं: जुन्या फोनवर चालणारी शेवटची आवृत्ती निदान उतरवून घ्यायला ठेवू या का? उत्तर आलं, त्यात सुरक्षेच्या त्रुटी आहेत, कुणाला फटका बसला तर जबाबदार कोण? ते खोटं नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

इंजिन सध्या माझ्या टेबलावर आहे. डबे खोक्यातच आहेत.