पर्सीला पाटी वाचता आली नाही

2022 साली लिंक्डइनने कौशल्यांच्या यादीत ‘डिस्लेक्सिक थिंकिंग’ ही नोंद घातली. हेतू चांगलाच होता. पण आता ‘डिस्लेक्सिया ही देणगीच’ हे वाक्य प्रेरणादायी भाषणांतून इतक्या सहज फेकलं जातं, की अक्षरांशी झगडणाऱ्या पोराला वाटावं, आपल्याला अडचण आहे ती आहेच, वर देणगी कुठे ठेवलीय तेही सापडत नाही. सोबत आइन्स्टाइनचं नाव असतंच. त्याला डिस्लेक्सिया होता याला धड पुरावा नाही, पण ते विचारतो कोण!

या देणगीवादाचं खापर हमखास रिक रायर्डनच्या कादंबऱ्यांतल्या पर्सी जॅक्सनवर फुटतं. मला ते वाचन चुकीचं वाटतं.

योगायोग असा, की वैद्यकातला या अडचणीचा पहिला गाजलेला मुलगाही पर्सीच. 1896 मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने त्याच्यावर टिपण लिहिलं. वय 14, गणितात बरा, पण स्वतःच्या नावातलीही अक्षरं उलटसुलट लिहायचा. शिकवणं निव्वळ तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकाचं मत मॉर्गनने नोंदवलंय. पुढे गोष्टींमध्ये एक साचा ठरून गेला: चिडवणारा वर्ग, लाज लपवायला केलेली दांडगाई, मग देवासारखे धावून येणारे एक सर. आपल्याकडे 2007 च्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने तो घरोघरी नेला. निकुंभ सर ईशानला चिकाटीने वाचायलाही शिकवतात, पण लोकांच्या लक्षात राहते ती चित्रकलेची स्पर्धा. कारण ईशान ती जिंकतो.

रायर्डनचं ‘द लाइटनिंग थीफ’ 2005 चं. त्याच्या मुलाला डिस्लेक्सिया आणि एडीएचडी असल्याचं कळलं, त्याला झोपताना सांगितलेल्या गोष्टींतून हे पुस्तक झालं. पर्सी ग्रीक देवाचा मुलगा, त्याचा मेंदू प्राचीन ग्रीक वाचायला घडलाय, म्हणून इंग्रजी अक्षरं तरंगतात, ही कल्पना सगळ्यांना पाठ आहे. इथेच लोक थांबतात. पुढे मेडुसा राक्षसिणीच्या दुकानावरची लाल निऑन पाटी येते. पर्सीला ती वाचता येत नाही. सोबतच्या ॲनाबेथलाही नाही. त्यांचा मित्र ग्रोव्हर वाचून दाखवतो तेव्हा कुठे कळतं. देवाचा मुलगा असूनही पाटी ती पाटीच! अडचण जात नाही, शेवटी बक्षीस बनून परतही येत नाही.

शिवाय ॲनाबेथकडे बघा. तिलाही डिस्लेक्सिया आहे आणि पुस्तकातली सर्वांत अभ्यासू मुलगी तीच. वास्तुकलेचं ग्रीक पुस्तक घेऊन बसणारी. देवांच्या मुलांसाठीच्या त्यांच्या छावणीतल्या बहुतेक पोरांचं असंच आहे. तिथे कुणी कुणाला त्यावरून वेगळं काढत नाही, उद्धाराला कुणी सर यावे लागत नाहीत. खरा बदल हा होता: एकटं पोर आणि त्याचा तारणहार जाऊन अशा पोरांचा अख्खा घोळका आला. ग्रीक रक्ताची सबब मला स्वतःला जरा सोयीचीच वाटते. पण त्या घोळक्याची सर आधीच्या कुठल्याच गोष्टीला नाही.

हा वाद नुसता पुस्तकी नाही. डिस्लेक्सियासारखी विशिष्ट अध्ययन अक्षमता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. दहावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. ही सवलत अडचणीसाठी आहे. देणगीचा गजर वाढला की ‘मग यांना जास्तीचा वेळ कशाला?’ हा प्रश्न स्टाफरूममध्ये उठायला वेळ लागत नाही.

तेव्हा कुमारांसाठी लिहिणाऱ्यांनो, पुढच्या गोष्टीत असा एक मुलगा येऊ द्या, ज्याला जोडाक्षरं छळतात आणि ज्याची चित्रकलाही जेमतेमच आहे. परीक्षेला त्याच्या शेजारी लेखनिक बसू दे. आणि गोष्ट मात्र गावातल्या चोरीची असू दे.