महिनाभराचे पाहुणे

पाच दिवसांत चार शहरं उरकणाऱ्या टूरना आपण हसतो. बसमधून उतरायचं, फोटो काढायचे, पुन्हा बसमध्ये बसायचं. त्यापेक्षा परदेशातल्या एकाच शहरात महिनाभर राहावं, दोघांनी मिळून भाजी आणावी, कोपऱ्यावरच्या कॅफेवाल्याने चेहरा ओळखू लागावं, हे प्रवासाचं नवं स्वप्न आहे. त्याला ‘स्लो ट्रॅव्हल’ म्हणतात. रजा साठवून किंवा लॅपटॉपवर काम चालू ठेवून अशी महिनाभराची बिऱ्हाडं मांडणारी जोडपी आता आपल्याही ओळखीत असतात. त्यांच्या बोलण्यात एक बारीकसा अभिमान असतो: आम्ही फिरून नाही, राहून आलो.

हा अभिमान कितपत खरा आहे?

आधी त्यातलं खरं ते मान्य करू. चार शहरांच्या चार विमानांपेक्षा एक विमान बरं. महिनाभर राहिलं की शहराचा मंगळवारही दिसतो, फक्त रविवार नाही. आणि जोडप्यासाठी यात आणखी एक गोष्ट आहे, जी इन्स्टाग्रामवर कुणी लिहीत नाही. आपल्याकडे दोघांना एकटं राहायला मिळणं सोपं नाही. घरी आईवडील असतात. वेगळं घर घ्यावं तर सोसायटी लग्नाचा दाखला मागते, आडनाव विचारते, कोण कधी आलं-गेलं ते वॉचमनच्या वहीत लिहिलं जातं. परक्या शहरात यातलं काहीच नसतं. तिथे कोणी सून नाही, जावई नाही. भांडी कुणी घासायची हे पहिल्यांदाच फक्त दोघांनी ठरवायचं असतं. काहींच्या नात्याला पहिला मोकळा श्वास अशा भाड्याच्या स्वयंपाकघरात मिळतो. त्याला चैन म्हणून उडवून लावणं अन्यायाचं होईल.

पण हे स्वयंपाकघर कुणाचं तरी असतं. उदाहरणासाठी लिस्बन घेऊ, कारण अशा मुक्कामांच्या यादीत ते हमखास असतं. चढउतारांच्या गल्ल्या, निळ्या फरशांच्या भिंती, आल्फामाच्या वळणांवरून खडखडत जाणारी २८ नंबरची ट्राम. याच आल्फामा, मोरारिया भागांत पर्यटकांना भाड्याने दिलेली घरं इतकी वाढली, की २०१८ मध्ये तिथे नवे परवाने देणं थांबवावं लागलं. २०२३ मध्ये लिस्बन, पोर्तो आणि इतर शहरांत हजारो लोक रस्त्यावर उतरले. मागणी साधी होती: राहायला परवडणारं घर.

याच देशाने २०२२ मध्ये परदेशासाठी काम करणाऱ्या डिजिटल भटक्यांसाठी खास व्हिसा सुरू केला. त्याची अट अशी, की अर्जदाराचं उत्पन्न पोर्तुगालच्या किमान वेतनाच्या चौपट हवं. २०२४ मध्ये किमान वेतन महिन्याला ८२० युरो होतं, म्हणजे अट ३,२८० युरोंची. आपल्या देशात राबणाऱ्याला जे किमान मिळतं, त्याच्या चौपट कमावणारा पाहुणा हवा, असं सरकारनेच कागदावर लिहून दिलं. मग घरमालकाने भाडेकरूही तसाच शोधला, तर नवल कसलं?

आता दोन जोडपी शेजारी ठेवून बघा. पहिलं पुण्याचं, वय २९. आईवडिलांच्या घरातून थोडं मोकळं व्हावं म्हणून महिनाभर लिस्बनला गेलेलं. दुसरं लिस्बनचंच, वय तेवढंच. पोर्तुगालमधली मुलं आईवडिलांचं घर सोडेपर्यंत सरासरी २९-३० वर्षांची होतात, आणि महाग घरं हे त्याचं एक मोठं कारण आहे. म्हणजे पहिल्या जोडप्याला जे हवंय, नेमकं तेच दुसऱ्यालाही हवंय: एक दार, जे आतून लावून घेता येईल. आणि कधीकधी ते दार एकच असतं.

यावर लगेच उत्तर येतं, ‘आमच्या एका महिन्याने काय फरक पडतो?’ एका महिन्याने खरंच काही पडत नाही. पण ते घर महिन्यासाठी बाजारातून गेलेलं नसतं. आपल्याआधी तिथे कुणी होतं, आपल्यानंतर कुणी येणार आहे. घर एका जोडप्याने अडवलेलं नसतं, रांगेने अडवलेलं असतं. आपण रांगेतले एक, एवढंच आपण नाकारू शकत नाही.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे. लिस्बनच्या मध्यभागी कित्येक इमारती वर्षानुवर्षं पडीक होत्या, आणि त्यातल्या अनेक पर्यटनाच्याच पैशाने उभ्या राहिल्या. भाडेकरूंचं संरक्षण सैल करणारा २०१२ चा कायदा सरकारने केला, पाहुण्यांनी नाही. आपण तर व्हिसासाठी बँकेची स्टेटमेंट्स घेऊन रांगेत उभे राहणारे. आपण कसले श्रीमंत? हे सगळं खरं आहे. पण धोरण चुकीचं असलं, तर त्याचा फायदा घेणाऱ्याने निदान डोळे उघडे ठेवावेत, एवढी अपेक्षा उरतेच.

‘राहून आलो’ हा शब्द इथे अडकतो. रहिवासी तो, ज्याला शहरातलं वाईटही चुकवता येत नाही. भाडं वाढलं तर त्याला मुलाची शाळा बदलावी लागते. आपल्याला भाडं महाग वाटलं तर आपण त्बिलिसीची किंवा च्यांग माईची घरं बघू लागतो. निघून जाण्याची सोय ज्याच्या खिशात आहे तो पाहुणा, मग तो तीन दिवस राहो की तीस. आपल्याकडे तिसऱ्या दिवशीही न हलणाऱ्या पाहुण्याची अक्कल काढणारी म्हण आहे. तिच्यात कंजूषपणा कमी आणि यजमानाच्या पिठाच्या डब्याचा विचार जास्त आहे.

एका जागी थांबण्याचा विचार आपल्या परंपरेत फार जुना आहे. भिक्षू पावसाळ्यातही फिरतात, कोवळं गवत आणि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केली, म्हणून बुद्धाने तीन महिन्यांचा वर्षावास घालून दिला, असं विनयपिटकात सांगितलं आहे. जैन साधूंना चातुर्मास सोडला तर एका गावात जास्तीत जास्त एक महिना राहायची मर्यादा आहे. तिला मासकल्प म्हणतात. गावाची ओढ लागू नये, हा तिचा हेतू. गंमत म्हणजे एअरबीएनबीवरही महिन्याची सवलत २८ रात्रींपासून मिळू शकते. कालावधी जवळपास तोच, हिशेब मात्र वेगळा. एक मुक्काम पायाखालच्या गवताकडे बघून मोजला होता, दुसरा स्वस्त काय पडेल ते बघून.

मग जाऊच नये का? जावं. पण पाहुण्याला शोभेल असं जावं. पोर्तुगालच्या परवान्यांत अख्ख्या फ्लॅटचा प्रकार वेगळा आहे आणि मालक स्वतः राहत असलेल्या घरातल्या खोलीचा वेगळा. खोली घेतली तर कुणाचं घर कमी होत नाही, उलट एखाद्या घराला हातभार लागतो. किंवा आलेंतेजू, बैरा अशा आतल्या भागांत जावं. तिथल्या गावांचं दुखणं उलट आहे, तरुण निघून गेले आणि घरं रिकामी पडली. तिथे महिनाभर दिवा लागला तर शेजाऱ्याला बरंच वाटेल.

याची किंमत आहे, आणि ती नेमकी दुखऱ्या जागी आहे. दुसऱ्याच्या घरातल्या खोलीत स्वयंपाकघर सामायिक असतं, रात्री हळू बोलावं लागतं, सकाळी यजमानीणबाईंना नमस्कार करावा लागतो. ज्या नजरांपासून सुटायला निघालो, त्यातली एक पुन्हा वाट्याला येते. पण ही नजर लग्नाचा दाखला मागत नाही. तिचं म्हणणं एवढंच असतं, की हे घर माझं आहे आणि तुम्ही इथे आहात. दोघांच्या मोकळेपणाला एवढी मर्यादा चालवून घ्यावी, असं मला वाटतं.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर आसगाव किंवा शिवोलीच्या एखाद्या गोवेकराला विचारून बघा. मुंबई-पुण्याहून महिनाभर ‘राहायला’ येणाऱ्यांमुळे भाड्यांचं काय झालं, हे तो कोकणीत, आपल्याला नीट कळेल अशा शब्दांत सांगेल. ते ऐकून घ्यावं, आणि मग लिस्बनचं तिकीट काढावं.