बांधावरची हवा

एप्रिलच्या दुपारी कामशेतजवळच्या डोंगरावरून पॅराग्लायडर घेऊन उडालं, की पहिली काही मिनिटं मावळ नकाशासारखा दिसतो. पवनेचं पाणी, पलीकडे तुंग आणि तिकोना, मधून गेलेली रस्त्याची रेघ. उचलणारी हवा सापडली नाही, तर या नकाशाचं हळूहळू गाव होऊ लागतं. आधी घरांचे पत्रे दिसतात, मग अंगणातली बाज, मग खुंट्याची म्हैस. बांधावरचं रुईचं झुडूप वेगळं ओळखू येऊ लागलं, की समजावं, आपण जमिनीपासून शंभर मीटरच्या आसपास आलो. शांत हवेत ग्लायडर सेकंदाला मीटरभराहून किंचित जास्त खाली येतो. म्हणजे हातात उरलं साधारण दीड मिनिट, आणि सरळ गेलं तर आठशे मीटरची धाव.

एवढ्यात पुन्हा वर नेणारी हवा सापडली, तर त्याला उडणाऱ्यांच्या बोलीत ‘लो सेव्ह’ म्हणतात. अगदी खाली येऊन वाचणं. संध्याकाळी चहाच्या टपरीवर सगळ्यात रंगतात त्या याच गोष्टी. मला मात्र त्यातला ‘वाचणं’ हा शब्द फार दिवस खटकत आला आहे. तो का खटकतो हे सांगायचं तर हवेबद्दल बोलावं लागेल, आणि त्याआधी जमिनीबद्दल.

ऊन हवेला थेट फारसं तापवत नाही. ते जमीन तापवतं आणि जमीन आपल्याला बिलगलेल्या हवेला तापवते. काळा कातळ, कापणीनंतर महिनोन्‌महिने कोरडं पडलेलं भातखाचर, डांबरी रस्ता, पोल्ट्रीच्या शेडचे पत्रे यांच्यावरची हवा शेजारच्या झाडीवरच्या हवेहून एक-दोन अंशांनी गरम असली तरी पुरतं. पण गरम झाली म्हणून ती लगेच उठत नाही. पावसाळ्यात गळक्या कौलाच्या आतल्या अंगाने थेंब ओघळत येतो, तो वाटेल तिथे पडत नाही. वाशाची गाठ किंवा एखादा खिळा आडवा आला की तिथे सुटतो. तापलेल्या हवेचं तसंच, फक्त दिशा उलटी. वाऱ्याबरोबर ती खाचरातून सरकत राहते आणि बांध, झाडांची रांग, रस्त्याचा भराव, कातळाची कड किंवा सुक्या-ओल्याची सीमा लागली, की तिथून सुटून वर जाते. चढताना दर शंभर मीटरला ती जवळजवळ एक अंशाने निवते, आणि भोवतालच्या हवेपेक्षा गरम असेपर्यंत चढत राहते. हाच थर्मल. डोळ्यांना तो कधीच दिसत नाही, म्हणून शोधायचं ते त्याचं कारण.

ढगाच्या तळाशी असलेल्या माणसाला या सगळ्याची फारशी गरज नसते. तिथवर पोचेपर्यंत अनेक लहान लहान झोत एकमेकांत मिसळलेले असतात, थर्मल ऐसपैस झालेला असतो, वरचा ढग त्याचा पत्ता सांगत असतो. एक चुकला तर दुसऱ्याकडे जायला उंची शिल्लक असते. खाली मात्र तो अंगणाएवढा अरुंद, फाटका, मधेच तुटणारा. ज्याच्याकडे उंची आहे त्याला आणखी उंची मिळवणं सोपं आणि ज्याची संपत आली आहे त्याला सगळ्यात अवघड, हा हिशेब हवेतही तसाच आहे.

वरच्यांचं यश खालच्याला वाट दाखवतं असंही नाही. समजा, आपल्या बरोबर डोक्यावर चारशे मीटरवर एक घार पंख न हलवता गिरक्या घेत चढते आहे. शिकाऊ माणूस तिच्या खाली धावतो, आणि तिथे काहीच नसतं. एक तर वाऱ्यामुळे थर्मल कललेला असतो. घारीला उचलणारी हवा सुटली ती वाऱ्याच्या वरच्या अंगाला, कुठल्या तरी मागच्या बांधावरून. दुसरं म्हणजे ती हवा सुटून मिनिटं होऊन गेलेली असतात. खालची जमीन रिकामी झाली, आता ती पुन्हा तापायची आहे. घार जगते आहे ते जमिनीचं भूतकाळातलं भाग्य.

तरीही पक्ष्यांकडे बघायचंच, कारण माणूस हे सगळं शिकला तो त्यांच्याकडे बघूनच. 1883 मध्ये लॉर्ड रॅले यांनी ‘नेचर’मध्ये या प्रश्नाची फोड केली: पंख न मारता पक्षी तरंगत राहिला, तर एक तर तो सपाट मार्गाने जात नसणार, नाही तर वारा आडवा नसणार, किंवा सगळीकडे सारखा नसणार. केवळ तर्काने एवढं गाठता आलं याचं मला आजही अप्रूप वाटतं. त्यानंतर आग्र्याला सरकारी रासायनिक परीक्षक असलेल्या अर्नेस्ट हॅन्किन यांनी घारी-गिधाडांचं तरंगणं वर्षानुवर्षं पाहिलं. आडव्या ठेवलेल्या आरशात पक्ष्याचं प्रतिबिंब पकडून ते त्याच्या गिरक्यांचा मार्ग रेखाटून घेत. त्यांचं ‘ॲनिमल फ्लाइट’ हे पुस्तक 1913 चं. 1928 मध्ये जर्मनीत रॉबर्ट क्रॉनफेल्डने ग्लायडरमध्ये व्हेरिओमीटर वापरला. तो आपण वर जातोय की खाली एवढंच सांगतो, पण तेवढ्याने माणसाला घारीचं एक इंद्रिय मिळालं. आज तो खांद्याजवळ चिवचिवत असतो.

शंभर मीटरच्या खाली मात्र यंत्रापेक्षा गावाची ओळख जास्त उपयोगी पडते. मावळात आणि कोकणात पावसाआधी भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. पालापाचोळा, शेण, फांद्या वाफ्यावर पसरून पेटवतात. हा धूर वरून बघणाऱ्याला वाचता आला पाहिजे. तो किती कलला यावरून वाऱ्याचा जोर कळतो. दोन लांबलांबच्या राबांचे धूर एकमेकांकडे झुकलेले दिसले, तर मधल्या पट्ट्यात हवा उठते आहे आणि तिची जागा घ्यायला दोन्हीकडची हवा धावते आहे. कापूस पिंजावा तशी काटेसावरीची बोंडं याच दिवसांत फुटतात, रुईची फळंही उकलतात. त्या तंतूंना आपण लहानपणी ‘म्हातारी’ म्हणत पकडायला धावायचो. एक म्हातारी आडवी न जाता सरळ वर जाताना दिसली, तर तो त्या क्षणाचा सगळ्यात खरा पुरावा. पाकोळ्यांचा थवा एकाच जागी घिरट्या घालत असेल, तर उठणाऱ्या हवेने जमिनीवरचे किडे वर आणलेले असतात. ज्याला राब म्हणजे काय, खाचर कधी रिकामं होतं, कुठल्या बांधाला झाडं राखली आहेत हे ठाऊक आहे, त्याला हवा थोडी आधी दिसते. उंचावरून उडायला हवामानाचं शास्त्र पुरेसं असेल. खाली शेतकऱ्याची नजर लागते.

मग तो क्षण येतो. ग्लायडरची एक बाजू किंचित उचलली जाते आणि बैठकीखालून तसाच हलका धक्का बसतो, बहुतेकदा व्हेरिओ वाजायच्या अर्धा क्षण आधी. उजवा पंख वर गेला म्हणजे हवा उजवीकडे उठते आहे. पण वर जाणारा पंख आपल्याला डावीकडे, म्हणजे बाहेर ढकलत असतो. काहीच केलं नाही तर थर्मल आपल्याला अलगद बाहेर काढून देतो आणि आपण म्हणतो, काही नव्हतंच. जिकडून ढकललं जातंय तिकडेच अंग झुकवून वळायचं, हे पुस्तकात एका ओळीचं आहे. अंगाला पटायला वर्षं जातात.

पण वळायचं की नाही, हा प्रश्न खाली वेगळाच होतो. एक गिरकी पूर्ण व्हायला साधारण अठरा-वीस सेकंद लागतात. ताशी पंधरा किलोमीटर वारा असेल तर तेवढ्या वेळात वारा आपल्याला सत्तर-ऐंशी मीटर मागे वाहून नेतो. मागे सपाट खाचर असेल तर एक गोष्ट. टेकडीची आडोशाची बाजू असेल, विजेच्या तारा असतील तर दुसरी. शिवाय पंख मिटला तर सावरायला किंवा राखीव पॅराशूट उघडायला उंची नसते. उठणारी हवा आणि तिच्या कडेची खवळलेली हवा एकत्रच येतात. आधुनिक उड्डाणाचा पाया घालणारा ऑटो लिलिएन्थाल 9 ऑगस्ट 1896 रोजी जर्मनीतल्या गोलेनबर्ग टेकडीवर सुमारे पंधरा मीटरवरून कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. त्या उन्हाच्या दिवशी वर उठणाऱ्या हवेच्या झोताने त्याचा ग्लायडर थबकवला असावा, असं अभ्यासक मानतात. जी हवा उंची देते, तिनेच जमिनीजवळ जीव घेतला.

मलाही एकदा तिने झटका दिला. जमीन चाळीस मीटरवर असताना व्हेरिओ दोनदा चिवचिवला आणि मी वळलो. पहिलं अर्धं वर्तुळ खरोखर चढतं होतं. दुसऱ्या अर्ध्यात वारा पाठीशी आला, जमीन भयानक वेगाने मागे पळू लागली, हवा संपली, आणि वाऱ्याकडे तोंड करायला उंची उरली नाही. बांधाला पाय अडकला. घोटा मोडला, सहा आठवडे प्लास्टर. पडून पडून मी त्या दोन चिवचिवाटांचा पुष्कळ विचार केला. ते खोटे नव्हते. पण तासाभरापूर्वी, सहाशे मीटरवर, तेवढ्याच आवाजाकडे मी ढुंकूनही पाहिलं नसतं. चाळीस मीटरवर मला तो थर्मल वाटला, कारण मला थर्मल हवा होता. आणि हवा होता कारण मी उतरायचं शेत निवडलंच नव्हतं. शेत निवडणं म्हणजे हार कबूल करणं, असं माझ्या मनाने परस्पर ठरवून टाकलं होतं.

जमिनीजवळच्या शोधाची खरी अडचण मला तेव्हापासून हीच वाटते. तिथे गरज सर्वात मोठी असते आणि पुरावा सर्वात तोकडा. अशा वेळी गरज पुराव्याला वाकवते. ‘जोराने खाली ओढणाऱ्या हवेनंतर उचलणारी हवा येतेच’ हे ऐकायला बरं वाटतं आणि वरच्या हवेत पुष्कळदा खरंही ठरतं, कारण थर्मलच्या कडेला हवा खाली बसत असते. पण खाली ओढणारी हवा टेकडीच्या आडोशाचीही असू शकते आणि तिच्यानंतर जमीन येते. अशा दिलाशाच्या वाक्यांना मी शंभर मीटरखाली थारा देत नाही.

त्याऐवजी आता मी आधी शेत निवडतो. मोठं, तारा नसलेलं, वाऱ्याकडे तोंड करून उतरता येईल असं, कुणाच्या उभ्या पिकाचं नसलेलं. निवडतो म्हणजे मनोमन तिथे उतरून घेतो. उतरल्यावर कुठे घडी घालायची, कुठल्या वाटेने रस्त्याला लागायचं, इथपर्यंत. आणि दरवेळी मला तेच आश्चर्य वाटतं: त्यानंतर डोळे मोकळे होतात. धूर धुरासारखा दिसतो, म्हातारी म्हातारीसारखी. एखादा धक्का बसला तर तो केवढा आहे हे कळतं, कारण तो केवढा असावा असं आता माझं काही म्हणणं नसतं. लोक म्हणतात, खाली आल्यावर आशा सोडू नये. मला वाटतं आशा ठेवावी, पण तिचा भार पुराव्यावर टाकू नये; तो शेतावर टाकावा. शेत तो पेलतं.

या मोकळेपणात मला एकदा काय सापडलं, तर शून्य. शेताच्या वाऱ्याकडच्या अंगाला, भरपूर जागा मागे असताना, हवा फक्त इतकी उठत होती की मी ना वर जात होतो, ना खाली. व्हेरिओ गप्प. चार-पाच मिनिटं मी नव्वद मीटरवर फिरत राहिलो, वाऱ्याबरोबर हळूहळू माझ्या शेताकडे वाहत. शून्यावर समाधान मानणं सोपं नसतं. प्रत्येक गिरकीला वाटतं, पलीकडच्या पत्र्यावर याहून चांगलं असेल. पण शून्य म्हणजे हवा सेकंदाला मीटरभर वर येते आहे, आणि खाली काही तरी तिला पुरवठा करतं आहे. तेव्हा तो पुरवठा वाढला आणि मी वर गेलो. तो वाढला नसता तरी मी त्याच शेतात नीट उतरलो असतो, आणि टपरीवर ती गोष्ट कुणी ऐकली नसती. आपल्याकडे ‘लो सेव्ह’च्या इतक्या गोष्टी आहेत, याचं कारण बाकीचे जण शेतात उतरून एसटीने घरी गेले आणि त्यांच्याजवळ सांगायला गोष्ट नव्हती. त्या न सांगितलेल्या गोष्टींतून नवा माणूस जास्त शिकला असता.

गेल्या एप्रिलमध्ये मी असाच एका खाचरात उतरलो. शून्यही मिळालं नव्हतं. बांधापलीकडून एक म्हातारी बाई विळा हातात घेऊन लगबगीने आली.

“पडलास का रं?”

“नाही मावशी, उतरलो.”

तिने मला खालीवर न्याहाळलं, पाय शाबूत आहेत याची खात्री केली आणि म्हणाली, “मंग बस की सावलीला. पाणी आणते.”

आंब्याखाली बसून मी तांब्याने पाणी प्यायलो. ग्लायडरची घडी अर्धी झाली असेल, तेवढ्यात ज्या बांधावरून मी दहा मिनिटांपूर्वी आलो होतो तिथलं सुकं गवत सळसळलं. रुईच्या झुडपावरून तीन-चार म्हाताऱ्या सुटल्या, क्षणभर बांधाशी घोटाळल्या आणि सरळ वर निघाल्या. मावशीही कपाळावर आडवा हात धरून बघत राहिली, त्या म्हाताऱ्या दिसेनाशा होईपर्यंत.