साडेपाच तासांचं भांडण

लॅपटॉपवर विंडोजसोबत उबुंटू टाकलं आणि घड्याळ बिघडलं. उबुंटूतून विंडोजमध्ये आलो की वेळ साडेपाच तास मागे. वाटलं, मदरबोर्डवरचा सेल गेला. पण सेल गेला असता तर चूक दरवेळी नेमकी साडेपाच तासांचीच कशी?

मदरबोर्डवरचं घड्याळ फक्त आकडे सांभाळतं. ते कुठल्या टाइमझोनचे, हे त्यात लिहिलेलं नसतं. लिनक्स त्यांना यूटीसी समजतं आणि आपले साडेपाच तास मिळवून दाखवतं. विंडोज तेच आकडे स्थानिक वेळ समजून जसेच्या तसे दाखवतं. म्हणजे खोटं कुणीच बोलत नव्हतं.

त्या आठवड्यात बाबांशी माझा अबोला होता. "पुरेसं कमावतोस, आता घर घे," ते म्हणाले होते. "कुठे पुरेसं?" मी तडकलो होतो. त्यांच्या लेखी पुरेसं म्हणजे हप्ता जाईल इतकं. माझ्या लेखी, नोकरी गेली तरी वर्षभर तगेन इतकं. शब्द एकच, पण आम्ही मोजत होतो वेगवेगळ्या ठिकाणांपासून.

मग नुसतं खरं बोलणं पुरतं का? मला वाटतं, नाही. आपण कुठून मोजतोय हे सांगणं, हाही खरेपणाचाच भाग आहे.

दोघांपैकी कुणालाही बदललं तरी चालतं. मी विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद घालून त्यालाही यूटीसी मानायला लावलं. माणसांसाठी अशी नोंद नसते, विचारावंच लागतं. रात्री फोन केला. "बाबा, तुमच्या मते पुरेसं म्हणजे किती?"

अर्धा तास बोललो. घर अजून घेतलेलं नाही.