मुखवट्यातला मल्ल आणि ‘मी कोण’ हा प्रश्न

मुखवटा चढवून आखाड्यात उतरणारा मल्ल तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न पुन्हा उभा करतो. लढतो तो नेमका कोण? नाव-गाव असलेला, मुखवट्याआड घामाने निथळणारा माणूस, की प्रेक्षक ज्याच्या नावाचा पुकारा करतात तो? २००८ सालच्या ‘द मिडलमॅन’ या अमेरिकी विनोदी मालिकेच्या एका भागात युद्धकलांचा गुरू सेन्सेई पिंग आणि मुखवटेधारी मेक्सिकन मल्ल यांचे वैर रंगवले आहे. मार्क डकॅस्कोस याने साकारलेला हा गुरू आणि त्याचे प्रतिस्पर्धी यांची जोडी हसवण्यासाठी जमवलेली होती. प्रत्यक्षातही युद्धकला आणि मुखवट्यातली कुस्ती या दोन परंपरा एकमेकींत मिसळल्या आहेत, आणि त्यांच्याकडे धर्मविचाराच्या अंगाने पाहिले तर हाती बरेच काही लागते.

आधी मुखवट्याचाच एक प्रसंग पाहू. अमेरिकेत शिकागोच्या वायव्येला असलेल्या शॉमबर्ग या उपनगराला हॉफमन इस्टेट्स हे गाव लागून आहे. तिथल्या सीअर्स सेंटरमध्ये १ सप्टेंबर २०१८ रोजी ‘ऑल इन’ हा कुस्तीचा मोठा कार्यक्रम झाला. कोडी ऱ्होड्स आणि ‘यंग बक्स’ म्हणून ओळखले जाणारे दोन भाऊ यांनी तो स्वतंत्रपणे उभा केला होता आणि ११ हजारांहून अधिक प्रेक्षक जमले होते. शेवटच्या लढतीत रे मिस्टेरिओ, फेनिक्स आणि बँडिडो हे तिघे मुखवटेधारी एका बाजूला होते. त्याआधी केनी ओमेगाने मुखवटेधारी पेंटागॉन ज्युनियरला हरवले आणि दिवे गेले. दिवे आले तेव्हा ‘पेंटागॉन’ ओमेगावर तुटून पडला. मग त्याने मुखवटा काढला, तर आत ख्रिस जेरिको! मुखवटा तोच, पण आतला माणूस वेगळा. प्रेक्षकांनी पाहिले ते पेंटागॉनचे कृत्य होते की जेरिकोचे? कुणीही क्षणभर न थांबता उत्तर देईल, जेरिकोचे. मुखवटा डोक्यावर आला म्हणून पेंटागॉन होता येत नाही, एवढे या प्रसंगातून स्पष्ट होते. मग कशाने होता येते?

मेक्सिकोत या प्रश्नाचे उत्तर आचारातून घडत गेले. साल्वादोर लुतेरोथ यांनी १९३३ मध्ये तिथे व्यावसायिक कुस्तीची संस्था स्थापन केली आणि पुढच्या काही वर्षांत मुखवटा रूढ झाला. तिथली सर्वांत मोठी पैज पैशांची नसते, मुखवट्याची असते. हरणाऱ्याला सर्वांसमोर मुखवटा उतरवून खरे नाव सांगावे लागते आणि तो मुखवटा पुन्हा चढवता येत नाही. रुपेरी मुखवट्याच्या एल सांतोने १९४२ पासून पुढची चार दशके आपला चेहरा लोकांना दिसू दिला नाही. जानेवारी १९८४ मध्ये दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात त्याने मुखवटा किंचित वर केला, ५ फेब्रुवारीला त्याचे निधन झाले आणि मुखवट्यासहच त्याचे दफन झाले. याच परंपरेतला फ्राय तोर्मेंता हा प्रत्यक्षात सर्जिओ गुतिएरेझ बेनितेझ नावाचा कॅथलिक धर्मगुरू. अनाथाश्रमातल्या मुलांच्या पोटापाण्यासाठी तो दोन दशकांहून अधिक काळ कुस्ती खेळला. वेदीपुढे उभा राहणारा आणि आखाड्यात आपटला जाणारा माणूस एकच होता, आणि दोन्हीकडे तो एकच कर्तव्य बजावत होता.

जपानमध्ये हा प्रश्न आणखी सूक्ष्म झाला. ‘टायगर मास्क’ हा मुळात १९६८ मध्ये सुरू झालेल्या चित्रकथेचा नायक. अनाथाश्रमात वाढलेला नाओतो दाते मुखवटा घालून लढतो आणि आपल्यासारख्या मुलांना मदत करतो. १९८१ मध्ये सातोरू सायामा हा मल्ल प्रत्यक्ष टायगर मास्क म्हणून आखाड्यात उतरला. किकबॉक्सिंगच्या लाथा आणि मेक्सिकन उड्या त्याच्या खेळात एकत्र आल्या. त्याच्यानंतर १९८४ मध्ये मित्सुहारू मिसावाने तो मुखवटा घेतला, पुढे आणखी काही जणांनी घेतला. मग टायगर मास्क एक की अनेक?

बौद्ध परंपरेतल्या ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्यात अशीच चर्चा आहे. रात्रभर तेवणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत तीच असते का? ती अगदी तीच नसते आणि सर्वस्वी वेगळीही नसते. एकीतून दुसरी पेटत जाते, सातत्य असते ते प्रवाहाचे. सांख्यांनी दुसऱ्या दिशेने विचार केला. ईश्वरकृष्णाच्या ‘सांख्यकारिके’त सूक्ष्म शरीर नटाप्रमाणे निरनिराळी रूपे घेत वावरते, आणि पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, मात्र साक्षी राहतो. एका मताने रूपांमागे कायमचा कुणी नाही, दुसऱ्याच्या मते आहे, पण तो कोणत्याच रूपात गुंतलेला नाही. मतभेद खोल असला तरी रूपाला धरून बसू नये, यावर दोघे सहमत आहेत.

पण मुखवटा नुसता सोडून देण्यासाठी असतो, असे म्हणून भागत नाही. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाडा भागात आणि नाशिकच्या आदिवासी पट्ट्यात उन्हाळ्यात बोहाडा होतो. रात्री मशालींच्या उजेडात, संबळाच्या तालावर गणपती, नरसिंह, रावण, महिषासुर, जगदंबा अशी सोंगे नाचवली जातात. लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा जड मुखवटा बांधलेला नरसिंह कुणाचा मुलगा आहे, हे गावाला ठाऊक असते. सकाळी तोच गडी शेतावर दिसणार, हेही ठाऊक असते. तरीही लोक त्याच्या पाया पडतात. इथे कुणी कुणाला फसवत नाही. काही काळापुरता एका माणसाने देवाचा भार उचलला आहे, याला गावाने दिलेली ती मान्यता असते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. चेहरा झाकला की लाज उरत नाही, माणूस बेजबाबदार होतो, दरोडेखोरही तोंड बांधतो. हे खरे आहे, म्हणूनच झाकण्यातला फरक पाहायला हवा. दरोडेखोर उत्तर द्यावे लागू नये म्हणून चेहरा लपवतो. मेक्सिकन मल्ल मात्र मुखवटाच पणाला लावतो, आणि बोहाड्यातले सोंग साऱ्या गावाच्या डोळ्यांदेखत उभे राहते. पहिल्या ठिकाणी मुखवटा ही पळवाट असते, पुढच्या दोन ठिकाणी ते व्रत असते. व्रताला नियम असतात, साक्षीदार असतात आणि मोडल्यास किंमत मोजावी लागते.

डिसेंबर २०१० मध्ये जपानच्या माएबाशी शहरातल्या बालकल्याण केंद्राच्या दारात कुणीतरी शाळेची दहा नवी दप्तरे ठेवून गेले. देणाऱ्याच्या नावाच्या जागी ‘नाओतो दाते’ एवढेच लिहिलेले होते. पाहता पाहता देशभर त्याच नावाने दप्तरे, खेळणी आणि पैसे येऊ लागले. त्यासाठी कुणाला आखाड्यात उतरावे लागले नाही, डोक्यावर मुखवटाही चढवावा लागला नाही. तरी शॉमबर्गशेजारच्या आखाड्यात मुखवटा घातलेला जेरिको जितका पेंटागॉन होता, त्याहून ही माणसे कितीतरी अधिक टायगर मास्क होती. त्यांनी त्या नावाचे काम केले होते.

मुखवट्यातला मल्ल कोण, याचे उत्तर आतला चेहरा उघडा पाडून मिळत नाही आणि कापडाकडे पाहूनही मिळत नाही. ज्याने त्या रूपाचा धर्म स्वीकारला आणि पाळला, तो ते रूप असतो. धर्म सोडला की मुखवटा डोक्यावर असूनही तो कुणी राहत नाही. आई, शिक्षक, वैद्य, पुजारी, न्यायाधीश ही रूपेही माणूस जन्मतः घेऊन येत नाही, ती धारण करतो. ‘खरा मी या सगळ्यांच्या पलीकडे आहे’ हे तत्त्वज्ञान कितीही उंच असले, तरी त्याच्या आडून धारण केलेल्या रूपाशी बेइमानी करण्याची मुभा मिळत नाही. गीतेतला स्वधर्माचा आग्रह आणि अनासक्तीचा उपदेश एकाच ग्रंथात शेजारी-शेजारी येतात, ते याचसाठी. रूप आपले नाही हे ओळखून ते प्रामाणिकपणे वाहणे, ही एकच साधना आहे.