उहुराची जागा

८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत 'स्टार ट्रेक' ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्काला कायद्याचं संरक्षण मिळून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. अशा काळात मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरी यांनी अवकाशयानाच्या नियंत्रणकक्षात एक कृष्णवर्णीय स्त्री अधिकारी बसवली. लेफ्टनंट उहुरा. कानात चंदेरी इअरपीस, त्यावर एक हात, आणि खुर्ची वळवून कप्तानाला संदेश सांगणारी. पुढे सुकाणूवर सुलू. ती भूमिका करणारे जॉर्ज टाकेई लहानपणी, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेनेच जपानी वंशाच्या लोकांसाठी उभारलेल्या छावण्यांत राहिले होते. दुसऱ्या वर्षी, शीतयुद्ध चालू असतानाच, चेकॉव्ह हा रशियन तरुणही यानावर आला. उहुरा त्या जागेवर कशी, हा प्रश्न तिच्या सहकाऱ्यांना पडतच नाही. मालिकेतल्या साऱ्या भाषणांपेक्षा मला हे मोठं वाटतं.

उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स पहिल्या वर्षानंतर ती सोडायला निघाल्या होत्या. नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबवलं. तुम्ही बरोबरीच्या माणसाचं काम करता आहात, ते सोडू नका, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. पुढे निकोल्स यांनी नासासाठी स्त्रिया आणि अल्पसंख्य समाजांतले उमेदवार मिळवण्याचं काम केलं. १९९२ मध्ये अवकाशात गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री मे जेमिसन उहुराला पडद्यावर पाहतच मोठ्या झाल्या होत्या.

मालिकेचं सगळंच निर्मळ होतं असं नाही. पहिल्या नमुना भागात कप्तानाच्या खालोखाल स्त्री होती. दुसऱ्या नमुना भागात ते पात्रच उरलं नाही. पुढच्या 'स्टार ट्रेक' मालिकांतही मुख्य कप्तान म्हणून स्त्री दिसायला १९९५ उजाडलं.

हे सगळं धाराशिवात बसून लिहिण्याला कारण आहे. जानेवारी २०२० मध्ये ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या गावी, तेव्हाच्या उस्मानाबादेत भरलं. नगरीला नाव होतं तेरच्या संत गोरोबाकाकांचं. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईच्या पर्यावरणासाठी लढलेला, 'सुबोध बायबल' मराठीत आणणारा लेखक. तरी एक धर्मगुरू मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष कसा, म्हणून काहींनी विरोध केला. संमेलन त्यांच्याच अध्यक्षतेखाली झालं, याचा मला धाराशिवकर म्हणून अभिमान आहे. पण उहुराच्या सहकाऱ्यांना न पडलेला तो प्रश्न इथे विचारला गेला, हे विसरता येत नाही. पुढच्या, नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर. १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी आपली कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली होती. मोठ्या नावाकडे न पाहता परीक्षकांनी कथा पाहावी, एवढीच त्यांची इच्छा. दिब्रिटोंच्या विरोधकांनी लेखन बाजूला ठेवून झगा तेवढा पाहिला.

जागा मिळूनही माणूस तिथला मानला न जाणं आपल्या गावोगावच्या ग्रामपंचायतींतही दिसतं. २०११ पासून राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये स्त्रियांना निम्म्या जागा आहेत. फलकावर बाईंचं नाव असतं, सही बाईंची असते, आणि कितीतरी ठिकाणी खुर्चीत त्यांचे मालक बसलेले असतात. आलेला माणूसही सवयीने त्यांनाच 'सरपंच' म्हणून नमस्कार करतो. कायद्याने जागा मिळते; तिथे बसलेली बाई पाहून लोकांना नवल वाटेनासं व्हायला मात्र ती पुन्हा पुन्हा दिसावी लागते. गोष्टी, नाटकं, मालिका हे काम करू शकतात, आणि विज्ञानकथा तर फारच सहज, कारण उद्याची वहिवाट ती आजच रूढ झालेली दाखवू शकते.

माझ्या वाचनातल्या मराठी विज्ञानकथांतले शास्त्रज्ञ बहुतेक पुण्या-मुंबईचे. म्हणून आजच्या विज्ञानकथाकारांना एक विनंती आहे. तुमच्या पुढच्या यानाची कप्तान आमच्या परंड्याची किंवा लोहाऱ्याची करा. तिला आपल्याकडची बोली बोलू द्या, आणि ती तिथवर कशी पोहोचली याचा खुलासा देत बसू नका.